रामवाडीच्या टायगररावांची फरारी

श्रीगजाननाचे स्मरण करून, पेण प्रांती रामवाडी येथील दिनानाथरावांचे श्वान टायगरराव राहत्या अंगणातून नित्य फरारी का होत, त्याची हकीकत जशी घडली तशी लिहिली असे.

चैत्रमासी दिनानाथरावांनी सारवलेले अंगण उखडून चकचकीत लादी बसविली, आणि आळीत मोठा लौकिक जाहला. मग वैशाख लागताच टायगरराव भर दुपारी पसार होऊ लागले, आणि एके दिवशी फाटकापुढच्या हायवेवर डंपरखालून बालंबाल बचावले. तेव्हा घरच्या मुखत्यार शांतीबाईसाहेब यांनी हुकूम सादर केला जे, "आता पळाला की खांब गावाला माज्या भावाकडं धाडनार. रोज जीव टांगनीला नको." दिनानाथरावांचे काळीज हलले. पिल्लू होते तेव्हापासून टायगरराव त्यांच्या ताटाशेजारी जेवलेले.

मग मसलत होऊन कुंपणास काटे बांधिले, तो टायगररावांनी खालून भुयार खणिले. आणि भुयारात दगड भरिले, तो नाकाने फाटकाची कडी उघडिली. मग कडीस तार आवळिली. दिनानाथरावांस पक्का संशय जे, शेजारीण गोदूबाई सुकट चारून फितुरी करितात.

दुसरे दुपारी टायगररावांनी थेट भिंतीवरून उडी घेतली. दिनानाथराव जेवणावरून उष्ट्या हाती, अनवाणी धावले, आणि लादीच्या मध्यावर तळपाय ऐसे भाजले की "आई गं, आई गं" करीत, नाचत फाटक गाठिले. मग गोदूबाईंच्या सारवल्या अंगणी पाय पडला, तो गार. फणसाखाली टायगरराव चारी पाय पसरून निजलेले.

गोदूबाई वाल पाखडीत वदल्या, "सुकट टाकली तरी हुंगत नाय रं. नुसता निजतो. तूपन बस, पाय भाजलं वाटतं."

दिनानाथराव बसले, आणि बसल्या जागी सर्व उलगडा जाहला.

त्याच सांजेस, जेथे गोदूबाईंच्या फणसाची सावली भिंत ओलांडून उतरते, तेथील कोरी लादी पहारीने उखडिली. शांतीबाईसाहेब कडाडल्या, "येड लागलंय काय तुमाला?" परंतु राव हटले नाहीत. मग गोदूबाईंशी तह होऊन त्यांच्या गाईचे शेण कुमकेस आले, आणि कोपरा सारविला.

दुसरे दुपारी फाटक सताड उघडे ठेविले. टायगरराव उंबऱ्यापावेतो गेले, थबकले, माघारी फिरले, आणि कोपऱ्यात अंग टाकिले. शेजारी दिनानाथराव लवंडले. मग शांतीबाईसाहेब चटई घेऊन आल्या आणि फर्मावित्या जाहल्या, "जरा सरकायचं तिकडं." हे कोणास, याची दफ्तरी नोंद नाही. दोघेही सरकले.

तो दिवस फत्तेचा म्हणोन लिहिला असे.