निळाईचा मळवट

एका जंगलात एक तळं होतं, आणि त्या तळ्याहून खोल अशी एक पाणी समिती होती.

समितीचे अध्यक्ष अस्वलमामा. मुलांनो, अध्यक्ष म्हणजे जो सगळ्यांत शेवटी बोलतो आणि सगळ्यांत आधी जेवतो तो. तळ्याचं पाणी दगडी पन्हळीतून वाहत खालच्या हौदात यायचं. सगळं जंगल त्या हौदाचं पाणी प्यायचं. मामा रोज सकाळी त्यात औषधाची पांढरी पूड टाकायचे. क्लोरिन म्हणायचे तिला. किती टाकायची? पंजात मावेल तेवढी. आणि मामांचा पंजा, देवाच्या दयेनं, मोठा होता.

पाण्याला दवाखान्याचा वास यायचा. सशाचे डोळे झोंबायचे. मोर म्हणायचा, माझा रंग उतरत चाललाय. पण मोराचं सगळंच खरं मानू नये.

कुणी तक्रार केली की मामा म्हणायचे, "वास आला म्हणजे काम झालं."

तिथेच सादड्याच्या उंच झाडावर शेकरूवहिनी राहायच्या. मोठ्या सोज्ज्वळ. सोमवार करायच्या, शुक्रवार करायच्या, एकादशीला दाताला दाणा लागू द्यायच्या नाहीत. शेकरूनं दाणा सोडायचा म्हणजे केवढी गोष्ट, ते तुम्हाला आज नाही कळायचं.

वहिनींना एकच पिल्लू, बिट्टी. बिट्टीला त्या वासानं उमळून यायचं. मग ती आईचा डोळा चुकवून रानडुकरांच्या डबक्यात तोंड घालायची. मग पोट बिघडायचं. जंगलातल्या बाकी पोरांचंही तेच. बिट्टीची शेपटी झाडूच्या काडीएवढी झाली होती. वहिनी तिच्याकडे बघायच्या आणि आणखी एक उपास धरायच्या. आता वार उरले नव्हते.

एके दिवशी माकडभावजी शहरातून परतले. सोबत काचेची लांब नळी, नळीत दिवा आणि उन्हावर चालणारी एक काळी पाटी.

"हा दिवा पन्हळीवर आडवा टांगायचा," भावजी समितीला म्हणाले. "खालून पाणी पातळ धारेनं जाऊ द्यायचं. याच्या उजेडातला खरा गुण डोळ्यांना दिसत नाही. नुसता निळसर भास होतो. पण जंतूंना तो बरोबर लागतो. त्यांचा वंश खुंटतो."

"मरत नाहीत?" समितीचे चिटणीस बगळेबुवा म्हणाले. बुवा नदीकाठी एका पायावर जप करत. जप कुणाच्या नावाचा ते फक्त माशांना ठाऊक.

"जगतात बिचारे. पण त्यांना पिल्लं होत नाहीत."

"म्हणजे अहिंसक आहे," बुवा डोळे मिटून म्हणाले. समितीत ठराव मंजूर झाला.

"मग मी काय करायचं?" अस्वलमामांनी विचारलं.

"वर फळीचं झाकण ठेवायचं. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळे दुखतात. आणि काच स्वच्छ ठेवायची. काचेवर धूळ बसली की उजेड आतच राहतो."

"एवढंच?" मामांचं तोंड उतरलं.

दिवा लागला, पूड बंद झाली. पाणी तेच, पण वास नाही. बिट्टीनं हौदाला तोंड लावलं ते पोट टम्म होईस्तोवर काढलं नाही. डबकं सुटलं. चार आठवड्यांत शेपटी फुलली. वहिनींनी वरईचे मोदक केले आणि झाडाखालून जाणाऱ्या सगळ्यांना वाटले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मुलांनो, जंगलाला सुख सोसवत नाही.

"वास नाही, चव नाही, धूर नाही," ससे म्हणाले. "मग पोरं बरी कशी झाली?"

"चमत्कार," बगळेबुवा म्हणाले.

झालं. पन्हळीवरची फळी दर्शनासाठी बाजूला झाली. निळा उजेड बघून दिव्याचं नाव निळाई पडलं. कुणी हळद लावली, कुणी कुंकू. रोज लावलेलं टिकावं म्हणून बुवांनी कुंकू तेलात कालवलं आणि काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत मळवट भरला. हरणं टक लावून बघत बसली. संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"भक्तीचे अश्रू," बुवा म्हणाले.

निळा उजेड तांबूस झाला, मग मंद झाला, मग दिसेनासा झाला.

"देवीनं शालू पांघरला," बुवा म्हणाले.

अस्वलमामा खूश होते. आता त्यांना काम होतं. ते रांग लावत.

आणि मग पोरांची पोटं पुन्हा बिघडली. आधी सशांची, मग हरणांची. एके सकाळी बिट्टी उठलीच नाही. डोळे उघडले, पण मान उचलवेना.

वहिनी देवीची ओटी भरायला निघाल्या. हातात हळदीकुंकवाचं ताट, ओठांवर नाव. पन्हळीपाशी वाकल्या आणि त्यांची झुबकेदार शेपटी काचेवरून ओढली गेली. तिथल्या तेलकट कुंकवात एक रेघ उमटली. त्या रेघेतून निळा उजेड पाण्यावर सांडला.

वहिनींनी त्या रेघेकडे पाहिलं, मग बाकीच्या काचेकडे. मग त्या ताट घेऊन थेट माकडभावजींकडे गेल्या.

"भावजी, काच कधी पुसली होती?"

"मी सांगून थकलो, वहिनी. समिती म्हणते, देवीला पुसणं पाप आहे."

"मी सांगते."

समिती भरली होती. वहिनींनी पदर सावरला आणि एका दमात सांगून टाकलं, "मामा, काचेवरचं कुंकू पुसायला हवं."



"कुंकू पुसायचं?" मामा म्हणाले. "वहिनी, सवाष्ण तुम्ही. घरी पोर आजारी. आणि भरल्या सभेत असं अभद्र बोलता?"

"श्रद्धा उणी पडली म्हणून पोरं पडली," बुवा म्हणाले. "उद्यापासून मळवट दोन बोटं जाड."

माकडभावजींनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भावजींनी तोंड मिटलं.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या. "काल दुपारी पोरीला थोपटता थोपटता डोळा लागला. स्वप्नात निळाई आली. रुसली होती."

सगळे पुढे सरकले. सभेत विज्ञान आलं की सगळे मागे टेकतात, स्वप्न आलं की पुढे सरकतात.

"काय म्हणाली?" बुवांनी विचारलं.

"म्हणाली, घरोघरच्या समया दिव्याच्या अवसेला घासूनपुसून लख्ख करता. मी पण दिवाच ना? मला जुन्या कुंकवावर नवं कुंकू. अगं, लेकीला न्हाऊ न घालता कुणी वेणी घालतं का?"

म्हाताऱ्या सांबरीणबाई हळहळल्या. "खरंच गं बाई. देवीला न्हाणंच नाही घातलं आपण."

"दर शनिवारी न्हाणं हवं म्हणाली. रिठ्याच्या पाण्यानं आणि लिंबाच्या रसानं. आणि न्हाल्यावर लाज वाटते, म्हणून फळी झाकायची. कुंकू लावायचं ते फळीवर."

"शास्त्रात बसतं," बुवा लगेच म्हणाले. नवीन व्रत म्हणजे नवीन नैवेद्य.

शनिवारची वाट कुणी पाहिली नाही. त्याच दुपारी निळाईला न्हाऊ घातलं. बायकांनी रिठे कुटले, पोरांनी लिंबं पिळली, वहिनींनी शेपटीनं काच पुसली. आरती झाली. फळीखालून पन्हळीभर निळं पाणी वाहू लागलं. वहिनींनी पहिला द्रोण भरून घरी नेला आणि बिट्टीच्या ओठांना थेंब थेंब लावत बसल्या.

सभेतून परतताना भावजी हळूच म्हणाले होते, "वहिनी, पण हे खोटं झालं."

"खोटं कसं, भावजी? देव जंतूही बघतो आणि काचही बघतो. माझ्या स्वप्नात आला नसेल, तुमच्या शहरात आला असेल."

पोरं हळूहळू उठली. बिट्टीनं मान उचलली, मग अक्रोड मागितला, मग भावंडाच्या वाटचाही मागितला, आणि तिला भावंड नव्हतंच.

पुढच्या शनिवारी बगळेबुवा कुंकवाचं ताट घेऊन सादड्याखाली उभे.

"वहिनी, ज्या शेपटीनं देवीला न्हाऊ घातलं, त्या शेपटीला आता मळवट भरायचा म्हणतो."

वहिनींनी शेपटी मागे घेतली.

"भरा की, बुवा. फक्त देवी म्हणते, आधी पुजाऱ्यानं पन्हळीतलं शेवाळं काढायचं. सगळं. मग मळवट."

बुवा अजून शेवाळं काढतायत. शेवाळं रोज नवीन येतं.

खाली हौदावर बिट्टी पाणी पीत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आई, याला कसलाच वास नाही गं."

"मग?"

"मग अजून पिऊ?"

तात्पर्य: सत्य उघड्यानं सभेत नेऊ नये, त्याला थंडी वाजते. त्याला एक वार द्यावा, एक स्वप्न द्यावं, वर नैवेद्य ठेवावा. उतणं-मातणं समितीकडे असतंच. आपण घेतला वसा टाकू नये, आणि काच पुसायला विसरू नये.