सोनेरी त्रिकोणात अनारसे

सहल आखावी तर मीच! हे मी स्वतःच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

मी सिंगापुरात एका बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे. बाकीचे लोक जे काम करायला बघतात, ते त्यांना करू न देणं हे माझं काम. नियम मोडणारा माणूस मी लिफ्टमध्ये पाठमोरा ओळखतो! त्यात आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज सरकारदरबारी होता. तिसरा. आधीचे दोन 'खेद आहे' म्हणून परत आलेले. त्यामुळे निकाल लागेपर्यंत मी रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलमधला हिरवा माणूस दिसल्याशिवाय पाऊल टाकत नव्हतो.

तर जूनच्या सुट्टीत आम्ही थायलंडच्या उत्तरेला, चियांग रायला निघालो. मी, बायको अनुया, नऊ वर्षांची गार्गी आणि चिंचवडहून आलेल्या सासूबाई. प्रांत मी रंगांत वाटून घेतला होता. पांढरं देऊळ, काळं संग्रहालय, सोनेरी त्रिकोण, निळं देऊळ, हिरवा धबधबा. एक रंग झाला की दुसरा. चुकायला जागाच नाही!

सासूबाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. अधिक महिना चालू होता ना. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. पीठ त्या चिंचवडहून घेऊन आल्या आणि तळले आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये. घरी बरेच खाल्ले, उरलेले सहलीला निघाले.

पांढरं

देऊळ इतकं पांढरं की डोळे दिपले. दारात पूल, आणि पुलाखालून शेकडो दगडी हात वर आलेले. नरकातले जीव म्हणे, सुटकेसाठी याचना करतायत.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "हे सगळे पीआरचे अर्जदार का?"

अनुया इतकी हसली की मागची रांग थांबली. मी हसलो नाही. एक हात अगदी माझ्यासारखा होता.

पुलावरून मागे फिरायचं नाही असा तिथला नियम. सासूबाईंना प्रदक्षिणा घालायची होती. त्या वळल्या आणि लगेच भोंग्यातून थाई भाषेत ओरडा झाला.

"आजी, कॅनॉट टर्न बॅक ला!" गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"आई, नियम आहे," मी म्हणालो.

"नरकातसुद्धा यांचा कम्प्लायन्स!" सासूबाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

काळं

काळी लाकडी घरं. आत शिंगं, कवट्या, मेजावर पसरलेलं अखंड मगरीचं कातडं. सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"या घरात हळदीकुंकवाला कोण येणार हो?"

एवढंच. पुढच्या रंगाकडे वळू, कारण गोष्ट तिथे आहे.

सोनेरी

सोनेरी त्रिकोण म्हणजे थायलंड, लाओस आणि म्यानमार मेकाँग नदीवर एकत्र येतात ती जागा. एकेकाळी अफूच्या व्यापाराची राजधानी. तिथे अफूचं संग्रहालय आहे. मुलीला 'नशा वाईट' हे कळावं म्हणून मी ते मुद्दाम ठेवलं होतं. आत काळोखा बोगदा, मग अफूच्या चिलमी, तराजू, उद्ध्वस्त माणसांची चित्रं. मी प्रत्येक पाटी गार्गीला मोठ्यांदा वाचून दाखवत होतो. सिंगापुरात याला काय शिक्षा असते, तेही सांगत होतो. दोन पर्यटक माझ्यामागून चालायला लागले. त्यांना मी गाइड वाटलो!

शेवटी एक काचेची पेटी आली. वाळलेलं बोंड, शेजारी बशीत त्याच्या बारीक बिया. पाटीवर 'पॉपी सीड्स'. हा शब्द माझ्या ओळखीचा! सिंगापुरात न आणायच्या वस्तूंमध्ये मी तो कितीदा वाचलाय.

"पॉपी सीड्स," मी गार्गीला म्हणालो. "आपल्याकडे आणायला सक्त बंदी. कोण मूर्ख लोक आणतात कोण जाणे!"

सासूबाईंनी चष्मा वर केला आणि काचेला नाक लावलं.

"अय्या! ही तर खसखस!"

मी पाटी पुन्हा एकदा वाचली.

"खसखस? म्हणजे... अनारशावर असते ती?"

"तीच की!"

"आपल्या डब्यातल्या अनारशांवर?"

"अनारसा म्हटला की खसखस आलीच," सासूबाई म्हणाल्या आणि एकदम बोंडाकडे बघायला लागल्या.

मराठी माणूस आयुष्यभर खसखस खातो आणि आयुष्यभर 'पॉपी सीड्स' वाचतो. दोघांची गाठ घालून द्यायला मला अफूच्या संग्रहालयापर्यंत यावं लागलं!

मी अनुयाला खांबामागे ओढलं. "वाण जावयाचं असतं. म्हणजे माल माझ्या नावावर! आणि मी स्वतः सात खाल्लेत! चांगी विमानतळावर लघवी तपासली तर?"

"अनारशासाठी?"

"पीआर गेला! नोकरी गेली! कम्प्लायन्सचा माणूस अफूत सापडला, असं छापून येईल!"

"बाबा, यू व्हेरी ड्रामा," गार्गी म्हणाली.

मी डोकं शांत ठेवलं. सासूबाईंना विचारलं, "आई, उरलेली खसखस कुठे आहे?"

"असेल की... कुठेतरी डब्यात," त्या बाहेरच्या बागेकडे बघत म्हणाल्या.

घरात साठा!

फोन
(पलीकडे प्रबोध. मित्र. सिंगापुरातच राहतो, बुकित पंजांगला; तुआसला क्रेन उभ्या करतो. आमच्या घराची किल्ली त्याच्याकडे असते.)

"प्रबोध, आत्ताच्या आत्ता आमच्या घरी जा."

"का रे? झाडं सुकली?"

"मी सुकलोय! स्वयंपाकघरात खसखस शोध आणि संडासात ओत. वर पाणी सोड."

"खसखस कशी दिसते?"

"पांढरट. बारीक."

"मला मीठ आणि साखर चाखल्याशिवाय कळत नाही, मुकुल."

"चाखू नकोस!!"

"बरं, नीताला विचारतो."

"बायकोला मध्ये आणू नकोस! ती साक्षीदार होईल!"

"कसली साक्षीदार? अरे तू आहेस कुठे?"

"अफूच्या संग्रहालयात."

(दीड तासाने पुन्हा फोन.)

"पोचलो. इथे पांढरट, बारीक अशा वस्तूंचे डबेच डबे आहेत. सगळे संशयित वाटतायत."

"मग सगळे ओत!"

मातकट
(हा रंग माझ्या आखणीत नव्हता. मेकाँगचा आहे.)

"डबा कचऱ्यात टाकू," मी म्हणालो.

"अधिकातलं वाण कचऱ्यात?" सासूबाई कडाडल्या. "त्यापेक्षा मला टाका!"

"देवळात भिक्षूंना देऊ," अनुया म्हणाली.

"भिक्षूंना अफू?"

शेवटी नदीकाठी जाऊन मी एकेक अनारसा पाण्यात सोडला. काय मासे आले! पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. सासूबाई ओठ घट्ट मिटून बघत होत्या. एका अनारशाला तर त्यांनी हात जोडले.

"तो मोठा मासा पाहिलास?" अनुया म्हणाली. "म्यानमारकडे गेला. आता तुझ्यावर निर्यातीचाही गुन्हा."

निळं, हिरवं

देऊळ निळं असणार. धबधबा पडत असणार. फोटोत मी दोन्हीकडे आहे. डोळे उघडे आहेत, पण आत कुणी नाही.

लाल

चांगीला हिरव्या मार्गानं लोक भराभर बाहेर पडत होते. मी लाल मार्गाकडे वळलो. जाहीर करण्यासारखं काही असेल, तर तिकडे जायचं असतं.

अनुयानं माझी बॅग धरली. "मुकुल, आपल्याकडे काहीही नाही! डबा रिकामा आहे. गप्प घरी चल."

"स्वतःहून कबूल केलं तर धरतात कमी. बँकेत मी हेच शिकवतो."

"मग बँकेत जा!"

पण माझे पाय निघाले होते. काउंटरवर एक तमिळ बाई होत्या, गणवेशात, शांत.

"मॅडम, आय वॉन्ट टू डिक्लेअर पॉपी सीड्स."

त्या ताठ झाल्या. "व्हेअर आर दे?"

"इन द फिश."

"व्हेअर इज द फिश?"

"म्यानमार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अनुयाकडे. अनुया छताकडे बघत होती. त्यांनी आणखी एका अधिकाऱ्याला खुणेनं बोलावलं. मी डबा काउंटरवर ठेवला. तळाशी अनारशांचा चुरा आणि बारीक पांढरट दाणे चिकटलेले होते. दोघं डब्यात वाकले. एकानं हातमोजे चढवले. माझ्या डोळ्यांपुढे चौथा अर्ज, पाचवा अर्ज, मग परतीचं एकेरी तिकीट, असं सगळं सरकून गेलं.

"एक मिनिट!"

सासूबाई पुढे आल्या. चेहरा लालबुंद.

"रवा आहे तो!"

सगळे थांबले.

"रवा?" त्या तमिळ बाई म्हणाल्या. "लाइक रवा दोसा?"

"येस! सेम! रवा दोसा रवा!" सासूबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळल्या. "माझी भाची अनघा इथे राहून गेलीय. तिनं निघतानाच बजावलं होतं, मावशी, तिकडे खसखस न्यायची नाही. म्हणून रवा लावला. तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही पहिल्या घासालाच म्हणालात, 'वा आई, खसखस काय खमंग भाजली गेलीय!' मग कोणत्या तोंडानं सांगू? अधिकातलं वाण, आणि रव्याचं?"

"आई! मी इतके दिवस तडफडतोय!"

"आणि मी काय मजेत होते? माझे अनारसे डोळ्यांदेखत मासे खात होते, तरी शब्द काढला नाही! इथे त्यांनी हातमोजे चढवले म्हणून बोलले!"

अधिकाऱ्यांनी दाणे पाहिले, बोटावर चुरडले, आपसात काहीतरी बोलले आणि डबा परत दिला. त्या बाई म्हणाल्या, "सर, नेक्स्ट टाइम, आस्क द कुक फर्स्ट."

मी काउंटरलाच नमस्कार केला! सुटलो! गार्गीनं मला ट्रॉलीवर बसायला सांगितलं. टॅक्सीत मी खिडकी उघडून सिंगापूरची दमट हवा चक्क प्यायलो. अनुया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत हसत रडत होती. पुढच्या सीटवर सासूबाई रिकामा डबा मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या.

बिशान

दार प्रबोधनं उघडलं. हातात रबरी पंप, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"सगळं ओतलं," तो म्हणाला. "रवा, राजगिरा, वरई, साबुदाणा. साबुदाणा पाण्यात फुगतो, हे कुणी सांगितलं नाही."

"तुंबलं?"

"पहिलं तुंबलं. म्हणून उरलेलं दुसऱ्यात ओतलं."

"प्रबोध!!"

"पण एक सांग, मुकुल. एवढ्यात खसखस होती कुठली?"

सासूबाई चपला काढता काढता थांबल्या. माझ्याकडे बघेनात. अख्ख्या चिंचवडमध्ये ज्यांच्या अनारशाला जाळी पडते म्हणून लोक पीठ मागायला येतात, त्या बाईंचं नाक माझ्या हातात होतं.

"होती रे," मी म्हणालो. "अस्सल होती. वेळेवर विल्हेवाट लावली."

आयुष्यात पहिल्यांदा मी बेधडक खोटं बोललो, तेही नसलेला गुन्हा कबूल करून! सासूबाईंनी मला न विचारता चहा टाकला. साखरेसकट. साखर तेवढी प्रबोधनं चाखून ओळखली होती.

तर सगळं ठीक आहे. पीआरचं अजून काही कळलेलं नाही. प्लंबर परवा येतोय. तोवर आम्ही चौघंही रोज पहाटे खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे सार्वजनिक खाऊबाजारात, जातो.

नाश्त्याला नव्हे.