पोटातली ग्रामपंचायत

आमचे भिमाजी तात्या कुणाला राम राम घालत नाहीत. थेट त्याच्या पोटाला कान लावतात. एसटी स्टँडवर, मांडवात, एकदा तर भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याच्या पोटाला! त्याचं अर्धं भाषण अजून घशातच आहे.

"मास्तर, पोटात कोट्यवधी जंतूंची ग्रामपंचायत असती," ते मला सांगतात. "तितं ठराव झाल्याबिगर वर डोक्याला हासायची परवानगी न्हाई!"

जंतूंचं त्यांनी मोबाईलवर एका डॉक्टरकडून ऐकलं. ग्रामपंचायत त्यांची स्वतःची. त्यात तात्यांचा जन्म गेला दूध संकलन केंद्रावर. कॅनचं झाकण उघडलं की, 'या घरात काल भांडान झालंय' म्हणून सांगायचे. आणि पारनेर तालुक्यात भांडणाविना घर नसल्यामुळे कधी चुकले नाहीत.

निवृत्त झाले आणि पोटातली पंचायत खूश ठेवायला ताकाचा सपाटा सुरू झाला. भाऊबंदकी? ताक. नापास? ताक. सरपंचकीला पडलेल्या गड्याला इतकं पाजलं, की तो जिंकलेल्याला हार घालून आला. वाटेत पाचदा थांबावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

हसू यायचं, पण त्यांच्या घरापाशी ते विरायचं. दोन वर्षांमागं थोरली लेक आजारपणात गेली, तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, बोलणंच टाकलेलं. तात्या दर महिन्याला त्यांना नगरला डॉक्टरकडे नेत. गोळी एक चुकवली नाही. शिवाय रोज सकाळी स्वतः घुसळलेलं ताक. काकू मुकाट प्यायच्या आणि पेला खाली ठेवायच्या.

"फरक पडतोय का, तात्या?" एकदा धीर करून विचारलं.

"ठाव न्हाई, मास्तर. पन तिच्यासाटी हातानं कायतरी करायचं, तर मला येवडंच येतंय."

परवा सकाळी तात्या धापा टाकत शाळेच्या फाटकाशी आले.

"मास्तर, तुमची काकू बोलली!"

"काय म्हणाल्या?"

"पेला तोंडाला लावला आन् म्हनली, 'आवं, लई आंबट झालंय.'"

"मग तुम्ही?"

"म्या तितंच फतकल मारलं. म्हनलं, सांग की, आजून काय काय वंगाळ हाय?"

"मग?"

तात्यांनी टोपी काढून डोळ्यांवर दाबली. टोपीआडूनच म्हणाले,

"म्हनली, मीठबी जादा पडलंय."