मंकी टोपीतलं बी

दामलेमास्तर थंडीत मंकी टोपी घालायचे, यात नवल नाही. कलकत्त्यात सगळेच घालतात. पण त्यांच्या टोपीखाली, टकलावर, ओल्या मलमलीची पुरचुंडी असायची. तिच्यात माझ्या दुकानातलं बी उबेला ठेवलेलं असायचं.

एस्प्लनेडजवळ माझं बियाण्यांचं दुकान. पोती उचलत उचलत उभं केलेलं. मालाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. विलायती मरवा, म्हणजे हॉटेलवाले मागतात तो ओरेगानो, त्याचं बी मोहरीहून बारीक आणि भलतं हट्टी. मास्तर दर रविवारी बागबाजारहून ट्रामने यायचे आणि भर गिऱ्हाइकांत सांगायचे, "कदम, तुमचं बी मेलेलं आहे." गिऱ्हाइकांना मराठी कळत नसे, पण हातवारे कळत.

मग उपचारांची कहाणी. कोमट पाण्यात भिजवलं, वाळूत चोळलं, चहाचं पाणी पाजलं, शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये माशांच्या मांडीला मांडी लावून बसवलं. "बी नुसतं पेरायचं नसतं हो, आधी पटवायचं असतं." मी म्हणायचो, मातीवर भुरभुरवा आणि झाकू नका, त्याला उजेड लागतो. यावर तासभर जुंपायची.

एका रविवारी हॉटेलचा माळी, माझं जुनं गिऱ्हाईक, ते हातवारे बघून रिकाम्या हातानं परत गेला. तेव्हा मात्र मी पेटलो. दुसऱ्या दिवशी दुकान सोडून थेट बागबाजार गाठलं. मास्तरांच्या बंगाली सुनेनं हसून दार उघडलं. "बाबा छादे," म्हणत तिनं जिन्याकडे बोट केलं. आत मुलगा आणि नातू बंगालीत गप्पा मारत होते.

गच्चीवर कठड्यालगत कुंड्याच कुंड्या, आणि प्रत्येकीत हिरवागार मरवा. मास्तर टोपी काढून पुरचुंडी सोडत होते.

"हे माझंच बी?"

"तुम्ही म्हणालात तसं उघडं ठेवलं. पहिल्याच खेपेला उगवलं."

"मग हे टोपीतलं?"

"पुढच्या रविवारसाठी." ते कुंडीकडे बघत राहिले. "घरातले फार चांगले आहेत हो, कदम. माझ्याशी कोणी भांडतच नाही. मराठीत तर नाहीच."

भांडायला गेलेला मी चहा पिऊन जिना उतरलो.

पुढच्या रविवारी दुकानात माळी होता. मी त्याला हिंदीत आधीच सांगून ठेवलं, की हे बाबू बियाची तारीफ करतात, पण त्यांची पद्धतच तशी आहे. मास्तर आले. "कदम, एक दाणा उगवला नाही."

मी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं आणि आवाज चढवला.