दिवे कोणी लावले

ऑर्मरॉडसाहेब दारात उभे राहून हातातली टोपी गोल गोल फिरवत होते. त्यावरूनच मर्टलबाईंनी ओळखलं, की हा माणूस काहीतरी मागायला आला आहे आणि आधी दुसऱ्या कुणाकडे मागून झालं आहे.

"यंदा चौकातले ख्रिसमसचे दिवे तुमच्या हस्ते लावावेत असं समितीचं म्हणणं पडलं," ते म्हणाले. ते दिवे-समितीचे चिटणीस होते. "म्हणजे त्याचं काय झालं, एनिडबाईंचं नेमकं लंडनला शूटिंग आलं."

"मला वेळ आहे का ते बघावं लागेल," मर्टलबाई म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, धुक्यात गिरणीची चिमणी दिसते का पाहिलं आणि म्हणाल्या, "आहे."

"तिला युद्ध संपल्यापासून वेळच आहे, साहेब," आतून नॉर्मनचा आवाज आला.

नॉर्मन म्हणजे मर्टलबाईंचे यजमान. दोघांची ओळख रंगमंचावरच झाली होती. आमच्याकडे ख्रिसमसच्या दिवसांत मुलांसाठी जी धमाल नाटकं होतात, त्यांत राजपुत्राचं काम बाईनं करायचं आणि म्हाताऱ्या आईचं पुरुषानं, अशी रीत आहे. मर्टलबाई राजपुत्र असत. त्याच नाटकात एक कापडी गाय असे आणि तिच्या पोटात दोन माणसं. नॉर्मन मागचे पाय होता. इतकी वर्षं गाईच्या मागच्या भागात काढलेला माणूस जगाकडून फारशी अपेक्षा ठेवत नाही. मर्टलबाईंचं तसं नव्हतं.

ब्रॅकनशॉ एवढंसं गाव. कापसाच्या गिरण्या, कोळशाचा धूर आणि वर्षातले निम्मे दिवस ओले. पण नट-नाचे इथे का पिकत कोण जाणे. एक जादूगार, एक लाकडी बुटांचा नाच करणारा, दोन विदूषक, आणि शिवाय एनिड फेअरक्लफ. या सगळ्यांचे फोटो नगरभवनाच्या जिन्यावर ओळीनं टांगलेले होते. मर्टलबाईंचाही होता, पण तळाशी, दाराच्या मागे. दार उघडं असलं की तो झाकला जाई, आणि नगरभवनाचं दार नेहमी उघडं असे. जिन्याच्या अगदी वरची मोठी चौकट मात्र त्या वर्षी दिवे लावणाऱ्याची. तिथे गेली दहा-बारा वर्षं एनिडबाई होत्या. दर वर्षी नवा फोटो, दर वर्षी तीच हनुवटी.

एनिड आणि मर्टल एका गल्लीत वाढल्या. शाळेच्या नाटकात परीराणीचं काम मर्टलला मिळालं होतं. आदल्या दिवशी तिला गालगुंड झालं, एनिडला तिचे पंख बांधून उभं केलं, आणि मँचेस्टरहून आलेल्या कुणा नाटकवाल्यानं नेमकं तेच नाटक पाहिलं. आता एनिडबाई टीव्हीवरच्या मालिकेत पबची मालकीण होत्या आणि आठवड्यातून दोनदा घराघरांत दिसत.

"माझ्या गालगुंडावर त्या बयेचं सगळं उभं आहे," मर्टलबाई म्हणत.

"गालगुंड मोठंच होतं तुझं," नॉर्मन म्हणे.

ती मालिका मर्टलबाई बघत नसत. नॉर्मन बघे. मर्टलबाई टीव्हीकडे पाठ करून खुर्चीत विणत बसत, आणि मधूनच सुया न थांबवता म्हणत, "उगाच रडली. तिथे रडायचं नव्हतं."

तर आता ती वरची चौकट हाताशी आली होती. मर्टलबाईंनी ठेवणीतला हिरवा कोट काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून तो दोरीवर टाकला आणि भाषणाची तयारी सुरू केली.

"बटण दाबायचंय ना?" नॉर्मननं विचारलं.

"मग?"

"नाही, गालगुंड मध्ये कुठे येतं ते कळलं नाही."

"गावाला एकदा कळायला हवं."

"गावाला ते माहीत आहे गं. तू दर रविवारी सांगतेस."

ऑर्मरॉडसाहेबांनी एक गोष्ट मात्र मर्टलबाईंना सांगितली नव्हती. ती कुणालाच सांगत नसत. मंचावरचं ते मोठं लाल बटण खोटं होतं. फार वर्षांपूर्वी एकदा पावसात महापौरांना त्याचा झटका बसला आणि त्यांची मानाची साखळी गळ्यातच उडाली. तेव्हापासून आतली तार काढून टाकलेली होती. खरा खटका समोरच्या औषधवाल्याच्या माडीवर असे आणि तिथे विल्फ वायरमन बसे. बटण दाबलं की खालून पांढरं काहीतरी हललं पाहिजे. ते दिसलं की विल्फनं खटका ओढायचा. इतकी वर्षं हे आपोआप जमत होतं, कारण एनिडबाई एका हातानं बटण दाबत आणि पांढरा हातमोजा घातलेला दुसरा हात उंच करून लोकांना अभिवादन करत. यंदा ऑर्मरॉडसाहेब स्वतः रुमाल हलवणार होते. विल्फला त्यांनी एवढंच सांगितलं, "नेहमीसारखंच. पांढरं बघ."

त्या संध्याकाळी चौक भरला होता. बँडवाले बोटांवर फुंकर घालत होते, लोक मटार घातलेले गरम पॅटिस हातात धरून उभे होते, धुकं दुकानांच्या पाट्यांपर्यंत उतरलं होतं. मर्टलबाई मंचाच्या पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात गर्दीत खळबळ झाली. फरचा कोट, हनुवटी आणि दोन पांढरेशुभ्र हातमोजे येताना दिसले.

"शूटिंग रद्द झालं गं," एनिडबाई म्हणाल्या. "म्हटलं, साधी प्रेक्षक म्हणून जाऊन उभं राहावं. कुठेतरी मागे."

आणि त्या पहिल्या रांगेत, बरोबर दिव्याच्या खांबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"अगदीच मागे," मर्टलबाई दात आवळून म्हणाल्या.

"बटण दाब आणि उतर," नॉर्मन कुजबुजला.

मर्टलबाई वर चढल्या. त्यांच्या तोंडावर दोन मोठे झोत सोडले होते. त्यापलीकडे काही धड दिसत नव्हतं. पाठीमागे चौकातलं झाड आणि सगळ्या रस्त्याभर टांगलेल्या माळा अंधारात होत्या. त्यांनी घसा साफ केला.

"मी या गावची. नऊ वर्षांची असताना शाळेच्या नाटकात मला परीराणीचं काम मिळालं होतं," त्यांनी सुरुवात केली. ऑर्मरॉडसाहेबांनी रुमाल परत खिशात ठेवला. याला वेळ लागणार हे त्यांनी ओळखलं. "आणि ऐन आदल्या दिवशी मला गालगुंड झालं."

नेमकं त्याच वेळी गर्दीतून कुणी बाई ओरडली, "अगंबाई, एनिडबाई! इकडे बघा ना!" एनिडबाईंनी बघितलं. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप वर गेला आणि पांढरा हातमोजा खांबाच्या उजेडात डुलला.

माडीवर विल्फनं खटका ओढला.

मर्टलबाईंच्या पाठीमागे सगळा रस्ता झगमगला. लाल, हिरव्या, पिवळ्या माळा, झाड, झाडावरचा तारा. चौकातून एकच "ओऽऽ" उठला.

मर्टलबाईंना वाटलं, गालगुंडाबद्दल आहे. त्यांना भरून आलं. इतकी वर्षं उगाच या लोकांना आपण दगड समजत होतो.

"मागं बघा!" कुणीतरी ओरडलं. मग दुसरं कुणी, मग पोरंसोरं, मग सगळा चौक. "मागं! तुमच्या मागं!"

आता दुसऱ्या कुठल्या गावची बाई असती तर तिनं सरळ वळून पाहिलं असतं. पण आमच्या त्या नाटकांत राक्षस मागून येतो तेव्हा पोरं हेच ओरडतात, आणि नटानं खांदा वळवायचा, नजर प्रेक्षकांवरच ठेवायची आणि म्हणायचं की मागे काहीच नाही. हे आम्ही बोलायला लागतो तेव्हाच शिकतो. मर्टलबाईंना वाटलं, गाव आपल्या राजपुत्राला हाक मारतंय. त्यांचे पाय आपोआप फाकले, एक हात कमरेवर गेला, दुसरा कानामागे.

"कुठे?" त्यांनी गर्जना केली.

"मागं!"

त्यांनी डावा खांदा वळवला. "इथे तर काहीच नाही!"

"आहे!"

"नाही!"

"आऽऽहे!"

त्या हिरव्या कोटातच त्यांनी नाटकातल्या राजपुत्रासारखी मांडीवर थाप मारली. लोकांच्या हातांतले पॅटिस खाली पडले. बँडमधला ढोलवाला ढोलावर डोकं टेकून हसत होता. ऑर्मरॉडसाहेब घाईघाईनं रुमाल हलवत होते, पण दिवे आधीच लागलेले असल्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. ब्रॅकनशॉ इतकं कधी हसलं नव्हतं. शेवटी मर्टलबाईंनी लाल बटणावर मूठ आपटली, ऐटीत मागे वळल्या आणि झगमगता रस्ता पाहून म्हणाल्या, "लागले."

लोक पुन्हा हसून कोसळले.

नंतर नगरभवनात चहा होता. एनिडबाई चहाचा कप घेऊन आल्या. "छान झालं हं, मर्टल. फक्त दिवे तुझ्या बटणाच्या बरेच आधी लागले होते."

"जळू नकोस, एनिड. दिसतं ते."

"कुणालाही विचार."

मर्टलबाईंनी विल्फला विचारलं. विल्फच्या तोंडात मनुकांचा बन होता. "बटणाचं काय घेऊन बसलाय बाई," तो म्हणाला. "तो डबा रिकामाच असतो. मी पांढरा हातमोजा बघतो आणि ओढतो."

ऑर्मरॉडसाहेबांना ठसका लागला.

"रिकामा म्हणजे आज?" एनिडबाईंनी हळूच विचारलं.

"दर वर्षी."

दहा-बारा वर्षांचे ते सगळे फोटो, बटणावर टेकलेलं ते बोट, एनिडबाईंच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. मर्टलबाईंचा चेहरा उजळायला लागला होता.

"आमची गाय दूध द्यायची तेव्हा आतून बाटली मी ओतायचो," नॉर्मन सहानुभूतीनं म्हणाला. "टाळ्या पुढच्या पायांना मिळायच्या."

पण एनिडबाई तशा पडून राहणाऱ्या नव्हत्या. त्यांनी हातमोजा बोटाबोटानं नीट ओढला. "म्हणजे दिवे लागतात ते माझ्या हातानं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं लागले, तसेच आजही. होय ना रे विल्फ?"

विल्फनं विचार केला. "तसंच म्हणावं लागेल," तो म्हणाला.

घरी जाताना मर्टलबाई नॉर्मनच्या दहा पावलं पुढे चालत होत्या. हाताशी आलेली चौकट पुन्हा त्या बयेनं नेली, तीही नुसता हात हलवून.

फोटो लागल्याचं कळलं तेव्हा त्या भांडायच्या तयारीनंच नगरभवनात गेल्या. जिना चढल्या आणि बघतच राहिल्या. वरच्या मोठ्या चौकटीत त्या होत्या खऱ्या, पण पाठमोऱ्या. फोटोवाला मंचाच्या मागे शिडीवर चढला होता. त्यांचा दिसत होता तो कोट आणि अंबाडा. समोर, खांबाखाली, चेहरा अगदी स्वच्छ आलेला आणि हात उंच केलेला, कोण, तर एनिड फेअरक्लफ.

"अंबाडा छान आलाय," नॉर्मन म्हणाला.

"ऑर्मरॉडना बोलाव."

ऑर्मरॉडसाहेब टोपी फिरवत येईपर्यंत मर्टलबाईंनी चष्मा लावला होता. फोटोत सगळा चौक होता. पॅटिस सांडलेले लोक, ढोलावर आडवा झालेला ढोलवाला, आई-बापांच्या खांद्यांवरची पोरं. सगळ्यांची तोंडं उघडी आणि सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी, त्या अंबाड्याकडे. न हसणारा चेहरा एकच होता. पांढरा हातमोजा अजून वरच होता, हलत असावा, आणि त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. त्या चेहऱ्यावर जे होतं ते मर्टलबाईंना चांगलं ओळखीचं होतं. केस विंचरताना आरशात त्यांनी ते कितीतरी वर्षं रोज पाहिलं होतं.

"तुमची काही तक्रार आहे असं कळलं," ऑर्मरॉडसाहेब म्हणाले.

"छे. याची एक प्रत मिळेल का?"

"मिळेल की. एनिडबाईंनी कालच नेली. म्हणाल्या, दिवे लावतानाचा फोटो आहे."

"नेऊ दे बिचारीला," मर्टलबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मालिकेची धून सुरू झाली तेव्हा त्यांनी विणकाम उचललं, आणि मग खुर्ची उचलून टीव्हीकडे तोंड करून ठेवली. नॉर्मननं बघितलं आणि आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. पबमध्ये काहीतरी वाईट बातमी आली होती. एनिडबाई गल्ल्यामागे उभ्या राहून रडल्या.

मर्टलबाईंनी सुया थांबवल्या आणि शेवटपर्यंत बघितलं.

"आज बरी रडली," त्या म्हणाल्या. "अगदी मनापासून."