टायरांची उलट नोंद

मैलापूरच्या सेतुमाधवरावांच्या गाडीचे डावीकडचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते आणि उजवीकडचे दोन्ही अजून धडधाकट होते. एकाच दिवशी घेतलेले, एकाच गाडीला लावलेले, एकाच रस्त्यावरून धावलेले हे चार टायर. त्यांच्यात असा दुजाभाव का, ते सेतुमाधवरावांना कळेना. त्यांची सारी हयात सरकारी हिशेब खात्यात जमा आणि खर्च जुळवण्यात गेली होती. दोन बाजू जुळल्या नाहीत की त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्यातून प्रश्न नुसत्या टायरांचा नव्हता. त्यांच्या मुलीचा, कनकाचा निश्चितार्थ, म्हणजे साखरपुडा, पुढच्या आठवड्यात तंजावरला व्हायचा होता. तमिळांचा आडी महिना तोंडावर आला होता. तो लागला की शुभकार्य बंद, आणि नवरामुलगा नोकरीवर दिल्लीला निघून जाणार. बोलणी चालू असताना होणारे व्याही गुरुराजराव यांच्यापुढे सेतुमाधवराव सहज म्हणून बोलून गेले होते, "आम्ही गाडीनंच येऊं." आता गाडी वाटेत बसली असती तर मुहूर्त जाणार होता, आणि मुहूर्ताबरोबर स्थळही.

माडीवर दत्तोपंत राहत. ते पुण्याहून रेल्वेच्या कचेरीत बदली होऊन आले होते. त्यांच्याजवळ सायकल होती आणि मतं सगळ्या वाहनांबद्दल होती.

"घ्यायचे तर चारही घ्या," दत्तोपंत म्हणाले. "दोन नवे, दोन जुने म्हणजे गाडी एका अंगाला ओढणार."

"उजवे चांगले आहेत की हो, पंत. चांगली वस्तू टाकायची कशी?"

"मग आधी डावे का गेले ते शोधा. गाडीत डावीकडे कोण बसतं?"

"कोणी नाही. मी चालवतो, मी उजवीकडं. आत्या माझ्या मागं. देऊळ त्या बाजूला येतं म्हणून तिला तीच जागा पाहिजे."

"म्हणजे वजन सगळं उजवीकडे आणि झीज डावीकडे?"

"तेच तर म्हणतो."

दत्तोपंतांनी तपकिरीची चिमूट ओढली. "सरळ आहे. डावी बाजू हलकी, म्हणून तिकडची चाकं फरफटतात. आत्याबाईंना डावीकडे बसवा."

सेतुमाधवरावांना हे फारसं पटलं नव्हतं. पण दत्तोपंतांची भाषा अस्सल पुण्याची होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची मराठी बोलणाऱ्या माणसाला त्या भाषेतलं वाक्य कुठेतरी छापून आलेलंच असणार असं वाटे.

ही गाडी सेतुमाधवरावांनी विशालाक्षीआत्यांसाठी घेतली होती. आई गेल्यावर आत्यांनीच त्यांना वाढवलं होतं. कपालीश्वराला रोज संध्याकाळी तीन प्रदक्षिणा घालायचा आत्यांचा नेम होता. गुडघे गेले तेव्हा नेम मोडेल म्हणून त्या रडल्या. ते रडणं सेतुमाधवरावांना पाहवेना. त्यांनी जुनी मॉरिस घेतली आणि तेव्हापासून ते आत्यांना देवळाला चारी बाजूंनी वेढणाऱ्या, ‘माड’ नावाच्या चार रस्त्यांवरून फिरवून आणत. ऑफिसला ते बसनं जात. गाडी देवाची होती.

त्या संध्याकाळी आत्यांना डावीकडे बसवलं. दत्तोपंत झीज बघायला म्हणून पुढे बसले. पहिला रस्ता संपायच्या आत आत्या कुरकुरायला लागल्या.

"सेतू, हे काय दर्शन रे? कपाली तिकडं आणि मी इकडं. मला सोड्याच्या बाटल्या दिसतात."

"थोडं सोस, आत्या. टायरसाठी."

"आणि वळण आलं की मी जाऊन दाराला चिकटते. दर वळणाला दारच. एक वळण म्हणून तिकडच्या बाजूला नेत नाहीस."

सेतुमाधवरावांनी इतका करकचून ब्रेक दाबला की दत्तोपंतांची तपकीर काचेवर सांडली. देव उजव्या हाताला ठेवायचा म्हणजे प्रत्येक वळण उजवीकडे. प्रत्येक वळणाला सगळा भार डाव्या चाकांवर. चार वर्षं ही गाडी जन्मजात खोड असल्यासारखी उजवीकडेच वळत होती.

"मी म्हणालोच होतो," दत्तोपंत म्हणाले, "कारण डाव्या बाजूलाच आहे."

दुसऱ्या दिवशी सेतुमाधवराव माउंट रोडला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता एक निर्णय घेऊन आले. नवेकोरे चार टायर. आत्यांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी त्यांवरून पुढे गेली, घरात सगळ्यांना बरं वाटलं. फक्त उजवे दोन जुने टायर परसात विहिरीला टेकून उभे होते. जातायेता सेतुमाधवराव त्यांच्यावरून हात फिरवत. अजून किती धावले असते बिचारे.

"आणि हे नवेही त्याच वाटेनं जाणार," दत्तोपंत माडीवरून म्हणाले.

"नाही जाणार," सेतुमाधवराव म्हणाले. "पंत, आमच्या खात्यात चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्यासमोर उलट नोंद करतात. जितक्या फेऱ्या सुलट, तितक्या उलट. दोन्ही बाजू जुळल्या."

"तत्त्वतः बरोबर आहे," दत्तोपंत म्हणाले. "पण देवाभोवती उलट फिरायचं?"

"मी प्रदक्षिणा घालत नाही. टायर झिजवतो. देवाला हिशेब कळतो."

देवाला कळत असेल. मैलापूरला कळेल का, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आत्यांसमोर हे करणं शक्यच नव्हतं. पण योग असा, की आत्यांना सर्दीतापानं गाठलं आणि दोन संध्याकाळी त्या घरात पडून राहिल्या. सेतुमाधवरावांनी ही संधी साधली. दुसऱ्या संध्याकाळी ऑफिसातून येऊन अंघोळ केली आणि आत्यांचा डोळा लागला आहे तोवर, ओले केस, उघडं अंग, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध नाही, अशा अवतारात ते गाडी घेऊन निघाले. मागची जागा रिकामी. देवळाभोवतीची सगळी रहदारी सुलट, ती समोरून अंगावर येत होती, त्यामुळे चेहरा गंभीर. आगाऊच नोंद करून ठेवावी म्हणून त्यांनी बऱ्याच फेऱ्या मारल्या.

लोक थांबून बघत होते. फुलवाली उठून उभी राहिली. कॉफीच्या दुकानदारानं हात जोडले. नव्या टायरांना मैलापूर इतका मान देतं, हे पाहून सेतुमाधवरावांना भरून आलं आणि त्यांनीही सगळ्यांना गंभीरपणे मान डोलावून नमस्कार केला.

उलट्या प्रदक्षिणेचा प्रसंग माणसाच्या वाट्याला स्मशानातच येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पहिला माणूस समाचाराला आला.

दार आत्यांनीच उघडलं. बाहेर कोपऱ्यावरचे वेंकटरमणराव उभे होते. सेतुमाधवरावांचे ते लांबचे नातलग, आणि कोणाचंही दुःख आपल्याच अंगावर पडल्यासारखे ते धावून येत.

आत्यांकडे पाहून ते दोन पावलं मागे सरले. "तुम्ही आहांत?"

"मी नाही तर कोण असणार? बरं, आत ये. कॉफी घे."

"म्हणजे... गेलं कोण?"

"कुठं गेलं?"

वेंकटरमणराव आत येऊन टेकले. त्यांनी कॉफी घेतली, आणि पेला खाली ठेवताना हळूच सांगितलं की आपण रात्रीच तंजावरला तार केली. व्याह्यांना अंधारात ठेवणं बरं दिसत नाही म्हणून.

सेतुमाधवरावांनी कपाळाला हात लावला. आत त्यांची बायको भवानी देवापुढे नवस बोलली. कनकानं निश्चितार्थाचं लुगडं घडी घालून परत पेटीत ठेवलं. ते पाहिल्यावर मात्र सेतुमाधवरावांना स्वतःची खरोखर चीड आली. दोन टायर वाचवायला निघालो आणि पोरीचं लग्न झिजवलं, असं त्यांना वाटलं. ते धावत तारऑफिसात गेले आणि आत्या जिवंत असल्याची तार करून आले.

ती तार कोणी घेतलीच नाही. पहिली तार मिळताच गुरुराजराव घर बंद करून निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला आणि मुलाला घेऊन दारात उतरले. विहीणबाईंनी रीतीप्रमाणे उंबऱ्यातच पदर डोळ्यांना लावला आणि गळा काढणार, तोच समोर झोपाळ्यावर काढा पीत बसलेल्या आत्या दिसल्या.

विहीणबाईंनी पदर सावरला.

"या," आत्या म्हणाल्या. "रडायचं असेल तर रडून घ्या आधी. मग हातपाय धुवा."

वेंकटरमणरावांनी सगळं सांगितलं, दत्तोपंतांनी त्यात तत्त्व घातलं, सेतुमाधवराव खाली मान घालून उभे राहिले. गुरुराजरावांनी परतीच्या गाडीची वेळ विचारली. 

"मी मेले म्हणून सगळे आलांत," आत्या म्हणाल्या. "जिवंत आहे म्हणून परत जाणार का? पंचांग काढ, सेतू."

पंचांगात दुसरा दिवस चांगला निघाला. निश्चितार्थ मैलापूरलाच झाला. कनकानं पेटीतलं लुगडं पुन्हा काढलं, आणि नवे टायर तंजावर न पाहताच राहिले.

त्या संध्याकाळी आत्यांनी व्याह्यांना प्रदक्षिणेला नेलं. गुरुराजराव पुढे बसले, आत्या मागे आपल्या उजव्या जागी, विहीणबाई त्यांच्या डावीकडे. खिडकीत आत्यांचा चेहरा दिसताच फुलवालीच्या हातातली परडी पडली.

थोडं अंतर गेल्यावर गुरुराजराव खालच्या आवाजात म्हणाले, "एक विचारूं? आमच्या गाडीचे पण डावेच टायर जातात. चेसिस सरळ करून आणला, अॅक्सल बदलला. काही उपयोग नाही. आम्ही रोज मोठ्या देवळाला फेरी घालतो."

सेतुमाधवरावांना व्याह्यांबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. उजव्या वळणांचं शास्त्र त्यांनी सविस्तर समजावून सांगितलं.

"मग त्यावर उपाय?" गुरुराजरावांनी विचारलं.

सेतुमाधवरावांनी उगाच भोंगा वाजवला. उपायाचं नाव काढायची त्यांची छाती होईना.

"उपाय काय त्याला," मागून आत्या म्हणाल्या. "डावीकडचे काढून उजवीकडं घालायचे आणि उजवीकडचे डावीकडं. माझ्या उशीचा अभ्रासुद्धा मी आठ दिवसांनी उलटा करते."

गुरुराजरावांनी खिडकीतून वाकून डाव्या चाकाकडे पाहिलं. मग वळण आलं, सेतुमाधवरावांनी गाडी उजवीकडे घेतली, आणि मागे आत्या सावकाश विहीणबाईंच्या अंगावर कलल्या.