सासऱ्यांच्या गाडीला टर्बो

आधीच सांगून ठेवतो, आमच्या गाडीचं इंजिन मी स्वतः बदललं आहे. घरच्या शेडमध्ये, या दोन हातांनी! ज्यांना बल्ब बदलायलाही माणूस बोलवावा लागतो, त्यांनी पुढचं वाचताना जरा सरळ बसावं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. जुनी, एवढीशी, इंजिन मागच्या बाजूला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी ती आम्हाला दिली आणि एकच इच्छा सांगितली, की मला तिच्यातून एकदा फिरवून आणा. दुसऱ्या कुणी प्लग साफ करून त्यांना त्याच दिवशी फिरवून आणलं असतं. पण मी पडलो कलाकार. मी तिचं इंजिन काढून टाकलं, एका ठोकलेल्या मोठ्या गाडीचं तिप्पट ताकदीचं इंजिन आणलं आणि त्याला टर्बो लावायचं ठरवलं. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. फुकटची ताकद!

याला चौदा महिने झाले. आधी शेड भरली, मग अर्धं जेवणाचं टेबल भरलं, आणि एक दिवस बायकोला टॉवेलांच्या घडीत पिस्टन सापडला. तिने तिथल्या तिथे निकाल दिला. रविवारी बाबा येताहेत. त्यांना बसवून गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन आली तर ती राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल. त्याला तिने फोनही करून ठेवला. गाडी भंगारात गेली, तर सासऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

नव्या इंजिनाची एक खोड होती. ते जुन्याच्या उलट दिशेने फिरायचं. आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी उपाय सांगितला. गिअरबॉक्स उघडायचा, आतलं मोठं दातेरी चाक काढून दुसऱ्या बाजूला बसवायचं. विसरलात तर चार गिअर मागे जाण्याचे होतील आणि पुढे जायला एकच उरेल, असं म्हणून ते हसले. आम्ही नवरा-बायकोही हसलो.

बायकोने तेव्हाच विचारलं होतं, मी हात लावू का. तिला यातलं कळतं; लहानपणी वडिलांना पाने-पक्कड देत ती याच गाडीखाली सरपटायची. पण मी ठणकावून सांगितलं, की या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

बुधवारी टर्बो आणायला मी दिवसभर बाहेर होतो. गुरुवारी गिअरबॉक्स उघडायला बसलो. काय सांगू, वर्षानुवर्षांचे बोल्ट लोण्यासारखे सुटले! मी माझ्या मनगटाला दाद दिली. आतलं तेलसुद्धा इतकं स्वच्छ, की सासऱ्यांनी गाडी किती जपली, या विचाराने ऊर भरून आला. चाक दुसऱ्या बाजूला बसवलं, झाकण लावलं आणि जेवताना जाहीर केलं, की गिअरबॉक्सचं काम फत्ते. बायको गालातल्या गालात हसली. मला वाटलं, कौतुकाने.

शनिवारी गाडी मागून जॅकवर उचलून इंजिन सुरू केलं. टर्बोची शीळ अशी घुमली, की माझ्या अंगावर काटा आला. गिअर टाकला, चाकं गरगर फिरली. आम्ही दोघं टाळ्या पिटत होतो. ती कुठल्या दिशेला फिरताहेत, हे बघायचं भान कुणाला!

रविवारी सासरे आले. गाडी फाटकाबाहेर कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. ते माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मी पहिला गिअर टाकून पाय दाबला.

गाडी मागे निघाली. घाबरून दुसरा टाकला, तर दुप्पट वेगाने मागे! फाटकात बायको दोन्ही हात हलवत होती. मी मान उलटी करून, स्टिअरिंगला लटकून, टर्बोच्या शिट्टीसकट रस्त्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर कसाबसा थांबलो.

सासरे समोर बघत होते. त्यांनी डोळे पुसले.

"जावईबापू, मी कामाला निघालो की पोरगी दारात हात हलवत उभी राहायची म्हणे. माझी पाठ असायची, मला कधी दिसली नाही. आज शेवटपर्यंत दिसली."

ती थांबा म्हणून हात हलवत होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढे जायचा एकच गिअर उरला होता, त्याच्यावर आम्ही गोगलगायीसारखे घरी परतलो.

"तू गिअरबॉक्समधलं चाक फिरवलं होतंस?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय! गुरुवारी."

ती मटकन पायरीवर बसली. "मी बुधवारी फिरवलं होतं."

मी विसरणार, याची तिला खात्री होती. माझा मान राहावा म्हणून ती बोलली नव्हती. गुरुवारी मी नुसती फुशारकी मारतोय, असंच तिला वाटलं होतं. दोनदा फिरवलेलं चाक पुन्हा होतं तिथेच आलं होतं.

तरी गाडी राहिली. कोपऱ्यापर्यंत जाऊन आली होती, आणि कुठला कोपरा ते अटीत नव्हतं. तिने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

सासरे मात्र लेकीला विचारत होते, "बोल्ट घट्ट आवळले होतेस ना गं?"

"बेताचेच, बाबा. पुढेमागे उघडायची वेळ आली, तर याच्या हातांनी सुटायला हवेत."

इंजिन मीच बदललं आहे, त्यावर मी ठाम आहे. मनगटाबद्दल वर जे लिहिलं, तेवढं वाक्य गाळून वाचावं.